एक बाई, वय शेहेचाळीस

रविवारी दुपारची जेवणं झाली की आई हात साबणाने कोपरापर्यंत धुवायची, टॉवेलला कोरडे करायची आणि वही काढायची. नर्स असल्यामुळे तिला जेवल्यावरही असे हात धुवायची सवय होती, पण मला लहानपणी वाटायचं की ते वहीसाठीच आहे. वही जाड होती, रजिस्टरसारखी, आणि तिला कव्हर घातलेलं होतं लसीकरणाच्या जुन्या पोस्टरचं. आमच्या घरातल्या सगळ्याच पुस्तकांना तसली कव्हरं होती. उपकेंद्रात जुनी झालेली पोस्टरं आई घरी आणायची, कोरी बाजू आत आणि छापील बाजू बाहेर ठेवून पुस्तकांना घालायची. त्यामुळे कपाट उघडलं की दोन-अडीचशे पुस्तकांच्या पाठीवरून गुटगुटीत बाळांचे कान, नाकं आणि अर्धी अर्धी हसू दिसायची. दरवर्षी दसऱ्याला आम्ही नागपूरला जायचो, तिथल्या गर्दीत आई पुस्तकांच्या दुकानांपुढे तासन् तास उभी राहायची आणि परत येताना बाबांच्या दोन्ही खांद्यांना पिशव्या असायच्या. आत्या, मावश्या नव्या साड्या नेसून फोटो काढायच्या. आईच्या फोटोत तिच्या हातात नेहमी एखादं उघडं पुस्तक असायचं आणि डोळे मिटलेले वाटायचे, कारण ती खाली बघत असायची.

ती काहीही वाचायची. अंबाडीची भाजी घोटताना एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात पुस्तक. खूण म्हणून गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स घालायची, म्हणून जुन्या पुस्तकांतून आजही लोहाच्या गोळ्यांचा वास येतो. शब्दकोश तर तिला गोष्टीच्या पुस्तकासारखा लागायचा. रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका कोशाचे मधले दोन खंड आमच्याकडे नव्हते आणि ती म्हणायची, त्या दोन खंडांतले शब्द माझे मलाच शोधावे लागतात. बाबा मारेगावच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. हंगामात ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची लव बसलेली असायची आणि ते म्हातारे झाल्यासारखे दिसायचे. दारातच चपला काढत म्हणायचे, "या घरात दोन बाया अन् हजार शब्द. पन चहा म्हनलं का कोनालेच समजत नाही."

"चहा हा आपला शब्द नाहीच," आई पुस्तकातून डोकं न काढता म्हणायची. "चीनमधून आला."

"मंग चीनमधून येऊ दे. मी बसतो तवरोक."

पण वही पुस्तकांची नव्हती. ती दुखण्यांची होती. आई एएनएम होती, तालुक्यातल्या एका उपकेंद्रात, आणि गावातली, तांड्यावरची, कोलामांच्या पोडावरची माणसं आपलं दुखणं ज्या शब्दांत सांगायची ते सगळे शब्द ती या वहीत उतरवून घ्यायची. ठणका, सणक, तिडीक, कसकस, ठसठस, चमक. हे तर सगळ्यांना माहीत असलेले. तिला आवडायचे ते पुढचे. पोटात कोणी सुतळी वळते. डोळ्यात रेती नाही पण रेतीची याद आहे. टाच बोलते. प्रत्येक नोंदीपुढे माणसाचं नाव, वय, गाव, आणि सांगताना हात कुठे गेला होता ते. हात कुठे गेला हे लिहायचंच असं तिचं म्हणणं होतं, कारण माणूस बोलायच्या आधी हात तिकडे जातो आणि हात लाजत नाही.

वही सुरू कशी झाली ते तिने मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक म्हातारा आला होता. तिने विचारलं, दुखते का. तो म्हणाला, दुखत नाही बाई, नुसतं कलकल करते. रजिस्टरमध्ये वेदना आहे की नाही एवढाच रकाना होता. तिने नाही लिहिलं. चौथ्या दिवशी तो गेला. सांगून झाल्यावर ती उठून गेली आणि बराच वेळ मोरीत भांड्यांचा आवाज येत राहिला, खरं तर भांडी मी मघाशीच घासून ठेवली होती.

वहीत माझं काम शेवटच्या रकान्याचं होतं. मी वणीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात होते. शाळेत मराठी बोललं की नाव फळ्यावर लिहायचे, म्हणून मी शाळेत बोलणंच कमी केलं. घरी आल्यावरही ती सवय सुटत नसे. आईच्या ते लक्षात आलं असणार, कारण नववीत असताना एका रविवारी तिने वही माझ्यापुढे सरकवली, 'ठसठस'वर बोट ठेवलं आणि विचारलं, "याले तुमच्यात काय म्हनते?"

तुमच्यात. जणू मी दुसऱ्या घरात दिलेली मुलगी होते. मला राग आला, पण शब्द मला येत होता. मी 'थ्रॉबिंग' लिहिलं. तिने तो तीनदा म्हणून पाहिला, जिभेवर फिरवून, जसं आंब्याच्या फोडीवरून मीठ चाखावं. त्यानंतर दर रविवारी आमचं हे सुरू झालं. ती वाचायची, मी शेवटच्या रकान्यात इंग्रजी लिहायची. आम्ही दोघी एरवी फारसं बोलत नव्हतो. भांडतही नव्हतो. ती नोंद वाचायची, मी विचार करायची, पंखा फिरायचा, लांबून जिनिंगची घरघर यायची. ती घरघर दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि संक्रांतीपर्यंत इतकी अंगात मुरायची, की कधी मशीन बंद पडलं तर कानात काहीतरी कमी झाल्यासारखं वाटायचं. आज पुण्यात माझ्या भाड्याच्या खोलीत रविवारी दुपारी खूप शांत असतं आणि मी उगीच मिक्सर लावते.

मी बारावीत होते त्या हिवाळ्यात वहीत एक नोंद आली. 'छातीवर ओला कापूस ठेवल्यासारखं. चढावर. थांबलं की जाते.' पुढे नाव नव्हतं. 'एक बाई, वय शेहेचाळीस.' गाव नव्हतं. हात कुठे गेला तेही नव्हतं.

"हे कोण?" मी विचारलं.

"असीच एक. मंगळवारी आलती."

"नाव नाही लिहिलं."

"काही बाया नाही सांगत नाव."

ते खरंही होतं. अंगावरून जाण्याच्या तक्रारींपुढे बऱ्याच ठिकाणी नावं नव्हती, पण गाव तरी असायचं. मला तेव्हा शाळेत एक कविता होती, तिच्यात 'लेडन' असा शब्द आला होता, शिशासारखं जड अशा अर्थाचा, आणि तो कुठेतरी वापरायची मला घाई झाली होती. मी तो लिहिला. आईला अर्थ सांगितला. तिने डोळे मिटून मान हलवली.

"शिसं," ती म्हणाली. "बरोबर. ओल्या कापसाहून हे चांगलं आहे."

ती इतकी खूश झाली की उठून तिने मला तुरीच्या शेंगा उकडून दिल्या, मीठ घालून, भरलेली ताटली. मी त्या सगळ्या खाल्ल्या. मला त्या शब्दाचा अभिमान वाटत होता. हे मी लिहिते आहे कारण नंतर बाकी सगळ्याबद्दल मी स्वतःला काही ना काही समजावलं, त्या ताटलीबद्दल मात्र जमलेलं नाही.

दोन आठवड्यांनी पुढची आली. 'खालचा जबडा आंबते, डावीकडून. जेवून लगेच चाललं की.' एक बाई, वय शेहेचाळीस. त्यानंतरच्या रविवारी, 'डाव्या हातात बांगड्या लहान झाल्यासारख्या. बांगड्या नसताना.' एक बाई, वय शेहेचाळीस. ही तिसरी नोंद वाचताना आईने वही स्वतःच्या मांडीवर धरली होती, आणि मला तिचं मनगट दिसलं. घड्याळ उजव्या हातात होतं. नाडी मोजायला बरं पडतं म्हणून ती आयुष्यभर डाव्या हातात घालायची. डाव्या मनगटावर पट्ट्याचा गोरा वळ होता आणि तो अजून पुसट झाला नव्हता, म्हणजे फार दिवस झाले नव्हते.

मला कळलं. तेव्हाच कळलं. मी सोळा-सतरा वर्षांची होते, विज्ञान शाखेत होते, हृदयाची आकृती मला डोळे झाकून काढता येत होती. मी पेन हातात धरून बसले. आई वाट बघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पंख्याकडे पाहत होती. मग मी शेवटच्या रकान्यात 'टाइटनेस' लिहिलं आणि पान उलटलं.

का लिहिलं, हे मला नंतर अनेकांनी विचारलं असतं, पण मी कोणाला हे सांगितलेलंच नाही. एक कारण असं की आमच्या घरात वही सोडून दुसरीकडे आम्ही दोघी भेटतच नव्हतो. मी तिला विचारलं असतं तर ती वही मिटली असती. दुसरं कारण असं की तिला नसतं कळलं असं कसं होईल? गावोगावच्या बायांना ती हाताला धरून यवतमाळला पाठवायची, रडणाऱ्या नवऱ्यांना दमात घ्यायची. तिच्यापेक्षा मला जास्त कळतं असं मी कशी म्हणणार होते? आणि तिसरं कारण म्हणजे मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी गप्प होते. आजही होते.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मला सुट्टी होती. आईचं तांड्यावर लसीकरण होतं. गाव सोडल्यावर शेतातून वाट जाते आणि मग टेकाडावर चढते, वर बंजारा समाजाची चाळीसेक घरं. लसीकरणाला सोबत येणारी आशाताई आजारी होती म्हणून आई म्हणाली, "चालतं का संगं? डबा धरायले कोनी पाह्यजे." डबा म्हणजे लसींचा, आत बर्फाच्या पिशव्या असलेला. तो ती कोणाच्या हातात देत नसे. बाबा उचलायला गेले तरी म्हणायची, ठेवा तो, तुमच्या काट्यावरचं गठान नाही ते. त्या दिवशी तिने तो घरापासूनच माझ्या हातात दिला.

आई रस्त्याने चालताना थांबायची, हे नवं नव्हतं. लोकांना तिची सवय होती. कोणी बाई कापूस वेचताना दिसली की ही बांधावर उभी, काय वं, याले काय म्हनते, त्याले काय म्हनते. मग अंबाड्यात खोचलेला पेन काढायचा, तळहातावर शब्द लिहायचा आणि पुढे. तिचे दोन्ही तळवे निळे असायचे. उपकेंद्राच्या पलीकडचे लोक तिला 'इचारनारी सिस्टर' म्हणायचे.

गाव संपल्यावर पहिल्या चढाला ती बोरीखाली थांबली. एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. आईने तिला विचारलं, शेळीच्या गळ्याखाली ते दोन लोंबतात त्याला काय म्हणतात. म्हातारीने सांगितलं. आईने मान हलवली. थोडं पुढे गेल्यावर शेवटची वेचणी चालली होती, तिथे ती पुन्हा थांबली. एका बाईच्या कमरेला बांधलेल्या ओटीला काय म्हणतात, हे विचारलं. ती बाई हसली.

"सिस्टर, मांगच्या साली हेच इचारलं तुमी."

"इसरली मी."

"मंग लिहून घ्या ना या टाइमले. पुढच्या साली मी नसली तं?"

सगळ्या बाया हसल्या, आईही हसली. मी डब्याचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पेन अंबाड्यातच आहे. बोरीखालीसुद्धा तो निघाला नव्हता. मी तिचे तळवे पाहिले. ते स्वच्छ होते.

तिसऱ्या वेळी तिने एक मोटारसायकल थांबवली. तांड्यावरचा माणूस होता, मागे बायकोला आणि पोत्याला बसवून खाली चालला होता. गाडी उतारावर, तो पाय टेकवून कसाबसा उभा. आई म्हणाली, "ते तुमच्या गोरबोलीत सांजेले काय म्हनते, ते सांगा बरं." तो बिचारा गोंधळला. म्हणाला, सिस्टर, सकाळच्या दहाले सांज कायले पाह्यजे. त्याने काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, आणि आईनेही ऐकलं नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, पण बघत नव्हती. तिच्या ओठांवर घामाचे थेंब होते. जानेवारीतली सकाळ होती, शेळ्या राखणारी म्हातारी घोंगडी पांघरून बसली होती.

गाडी गेली. त्यापुढचा चढ उभा होता आणि त्यावर माणूस नव्हतं, शेळी नव्हती, काही नव्हतं. आई पंधरा-वीस पावलं चालली आणि थांबली. मग माझ्याकडे वळून तिने वाटेच्या कडेला बोट दाखवलं.

"याले तुमच्यात काय म्हनते?"

मी पाहिलं. तिथे एक दगड होता. साधा, मुठीएवढा, मुरमाचा दगड.

"स्टोन, आई," मी म्हणाले.

"हाव," ती म्हणाली. "स्टोन."

आम्ही त्या दगडापाशी किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. वाऱ्याने वेचून झालेल्या कापसाच्या वाळक्या पराट्या खडखडत होत्या. मला ओरडायचं होतं, खाली पळत जायचं होतं, आणि मी काय केलं तर म्हणाले, "बर्फ वितळेल." ती म्हणाली, "चाल," आणि आम्ही वर गेलो.

तांड्यावर समाजमंदिराच्या ओट्यावर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. जमनीबाई नावाची म्हातारी तिथे आईची खास होती. वहीत तिच्या नावाच्या सगळ्यात जास्त नोंदी होत्या. हातभर हस्तिदंती रंगाच्या बांगड्या, म्हणजे बलोयं, कपाळावर गोंदण, तोंडात दात तीन. सगळा तांडा तिला याडी म्हणजे आई म्हणायचा. ती पुढे आली, आईला एकदा खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "बेस." बस. मग स्वतःच्या पदराने ओट्याची धूळ झटकली. आईने खुर्चीत बसूनच सगळ्या लेकरांना सुया दिल्या, एरवी ती वाकून, उठून, एकेका बाळाशी बोबडं बोलत द्यायची. कार्डावर तारखा मी लिहिल्या. लेकरं रडत होती आणि त्या रडण्यात मला बरं वाटत होतं, कारण तेवढा वेळ कोणी बोलत नव्हतं.

बाया पांगल्यावर जमनीबाईने गुळाचा काळा चहा आणला. आईने कप घेतला, आणि सवयीने विचारलं, "याडी, आज काही नवं दुखनं?"

म्हातारी तिच्यासमोर उकिडवी बसली. "माहं जुनंच हाय. तुहं सांग."

"मले काय झालं?"

"टेकाडावरून पाहून राह्यली मी तुले. तीन डाव थांबली. चवथ्या डाव तं कोनी नव्हतं तिथं. कोनाले इचारून राह्यली होती, देवाले?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. "छोरी, तुह्या मायचे शबुद सरले. हे दम घेऊन राह्यली."

आई हसली. "याडीले मोतीबिंदू हाय, अन् टेकाडावरचं दिसते." चहा पिऊन ती उठली. जमनीबाई उठली नाही. तिने माझं मनगट धरलं, तिची बोटं शेंगांसारखी कोरडी होती, आणि सोडून दिलं.

उतारावर आईला त्रास नव्हता. ती नेहमीसारखी चालत होती, आणि त्यामुळे बोलू शकत होती. दगड मागे गेल्यावर म्हणाली, "बाबाले सांगू नको. तुहे पेपर होऊ दे. मग मी सोताच जातो नागपूरले. मी हिशोब केला हाय, मार्च काही दूर नाही."

"आई, तू लपवलं."

ती थांबली. उतार होता, थांबायची गरज नव्हती. "लपवलं? वहीत लिहिलं ना मी. तुह्याच पुढं ठेवली वही. तू वाचलं. तू शब्द भरला." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "लपवायचं असतं तं लिहिलं कायले असतं?"

मला वाटतं तिला तो शब्द इतका आवडला होता, ओला कापूस, की तो वहीबाहेर ठेवणं तिला जमलं नाही. किंवा तिला वाटलं असेल की मी काहीतरी बोलेन, तीनदा वाट पाहिली असेल, आणि मी तीनदा इंग्रजी लिहिलं. दोन्ही खरं असू शकतं. घरी आल्यावर ती पलंगावर आडवी झाली, पुस्तक उघडून छातीवर उपडं ठेवलं, आणि तिचा डोळा लागला. मी पुस्तक वर-खाली होताना पाहत उभी राहिले. मध्येच ते जरा जास्त वेळ खाली राहिलं असं मला वाटलं. मी चपला न घालता निघाले.

जिनिंग घरापासून दहा मिनिटांवर. ऊन उतरत होतं, फाटकापुढे कापसाच्या गाड्यांची रांग, ड्रायव्हर, हमाल, चहाची टपरी, सगळे पुरुष. मी त्या फाटकाच्या आत कधी गेले नव्हते. बाबांचा डबा द्यायचा असला तरी टपरीवाल्याच्या हातात द्यायची आणि मान खाली घालून परत. त्या दिवशी मी आत गेले. बाबा काट्याच्या खोलीच्या दारात कोणाशी तरी बोलत होते आणि मशीन इतक्या मोठ्याने चाललं होतं की माझाच आवाज मला येईना.

"आईले बरं नाही," मी म्हणाले.

बाबांनी कानामागे हात धरला. "काय म्हनतं?"

मी पुन्हा म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी हसून बाजूच्या माणसाला काहीतरी म्हटलं, बहुतेक हिची शाळा इंग्रजी, आवाज निघत नाही असं काही. मग मी ओरडले. मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते, आणि बोलले ते शाळेतल्या भाषेत नाही, पुस्तकातल्याही नाही.

"आईच्या छातीत दुखते, बाबा. दोन महिने झाले. चढावर दम लागते, हात आखडते. ते कोनाले सांगून नाही राह्यली."

काटा थांबला. कापसाच्या ढिगावरचे हमाल वळून पाहू लागले. बाबांच्या भुवयांवर लव होती, तिच्याखाली त्यांचा चेहरा अगदी कोरा झाला. पुढच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला आणि कोणी न सांगता त्याने आपली गाडी रांगेतून बाजूला घेतली, मालकाची जीप बाहेर काढता यावी म्हणून.

पुढचं सगळं मला आवाजाशिवाय आठवतं. जीप, वणी, छातीवर चिकटवलेल्या वायरी, कागदाची पट्टी बघून लगेच फोन उचलणारा तरुण डॉक्टर, मग रुग्णवाहिका आणि नागपूर. आईला दोन स्प्रिंगा टाकल्या. आमच्याकडे स्टेंटला सगळे स्प्रिंगच म्हणतात. डॉक्टर बाबांना म्हणाले, मार्चपर्यंत हे थांबलं नसतं. बाबांनी हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अतिदक्षता विभागात मला पाच मिनिटं आत सोडलं तेव्हा आईने फक्त विचारलं, "पुस्तकं आनली का अभ्यासाची?"

आम्ही परत आलो तेव्हा आधी बातमी पोचली होती. जिनिंगच्या फाटकातून निघालेली गोष्ट, तिला तालुका ओलांडायला संध्याकाळही लागली नसेल. लोक भेटायला आले, चांगल्या मनाने आले. तुरीच्या शेंगा, जवसाची चटणी, पपया. पण जो येई तो आईच्या छातीकडे बघे. ज्या बाया तिच्यापुढे पोलकं सैल करून दुखणं दाखवायच्या, त्या आता पायाशी बसून म्हणायच्या, सिस्टर, तुमी आराम करा, आमचं काय. एकीने तर स्वतःचा गुडघा धरला होता, आईने विचारलं काय झालं, तर हात काढून म्हणाली, काही नाही बाप्पा, तुमच्यापुढं माहं काय दुखनं. आईने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे. मला दिसलं की ती याच गोष्टीला भीत होती. नागपूरला नाही, सुईला नाही. लोक आपल्यापुढे दुखायचं थांबतील याला. आणि ते मी केलं होतं, जिनिंगच्या फाटकात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तिने हे मला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात बोलून दाखवत नाहीत. आता ती निवृत्त आहे, गोळ्या वेळेवर घेते, फोनवर मला पुण्याचे शब्द विचारते. जीव वाचला, आणि तो वाचवायला मीच धावले, हे मला माहीत आहे. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा ओरडेन. तरी त्या दिवसांतला एक रविवार माझ्यापाशी तसाच पडून आहे.

दवाखान्यातून आल्यानंतरचा तो पहिला रविवार होता. बाबांनी खिचडी केली होती, पाणी जास्त झालेली, आणि आईने ती संपवली. मी ताटं उचलली, हात धुतले, पेन घेऊन माझ्या नेहमीच्या जागी येऊन बसले. आईने उशीखालून कादंबरी काढली आणि वाचायला लागली. पंखा फिरत होता. जिनिंग चालू होतं. मी वाट पाहिली. एक पान झालं, दुसरं झालं. मला मागून घेणं कधी जमलेलं नाही, पण त्या दिवशी मी मागितलं.

"आई, वही?"

तिने पान उलटलं. "भरली ते," ती म्हणाली.

वहीची शेवटची साठ-सत्तर पानं कोरी होती. मी दर रविवारी ती पाहत होते, हे तिलाही माहीत होतं. मी म्हणाले, "बरं," आणि पेनाचं टोपण लावलं.